मशीन किती सुयांचं हे सगळ्यात शेवटी बघा

या वेळचं पत्र बार्शीच्या एका ताईंचं आहे, नाव देऊ नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. पत्र थोडं कमी करून टाकतोय.

"नमस्कार काका, मी घरी ब्लाउज शिवते, दोन शिलाई मशीन आहेत, हाताखाली एक मुलगी आहे. आता कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्यायचं चाललंय. इथल्या दोन शाळांचे युनिफॉर्म शिवणारे एक जण आहेत, ते खिशावरचे लोगो मला देतो म्हणतायत, सीझनला हजार-बाराशे तरी होतील. सध्या ते सोलापुरातून करून आणतात, एका लोगोला १४ रुपये पडतात. शिवाय माझ्या गिऱ्हाइकांना ब्लाउजच्या पाठीला आणि बाह्यांना डिझाइन पाहिजे असतं ते मी बाहेरून करून घेते. कोणी टॉवेलवर नाव टाकून मागतं, कोणी मंडळाच्या टी-शर्टचं विचारतं, ते सगळं सोडून द्यावं लागतं. तीन कोटेशन आलीत. एक घरगुती, एका सुईचं, १ लाख १५ हजार. दुसरं नवीन चिनी, एक हेड, पंधरा सुया, ३ लाख ९० हजार. तिसरं सुरतहून येणारं जुनं जपानी, दोन हेड, नऊ सुया, ३ लाख २० हजार. देणारा म्हणतो दोन हेड म्हणजे डबल काम. मिस्टर म्हणतात जपानी ते जपानी. शिलाई खालच्या बाहेरच्या खोलीत चालते, मशीनसाठी वरच्या मजल्यावर १० बाय १२ ची खोली रिकामी आहे. पैसे ४० हजार आहेत, बाकी कर्ज. कोणतं घेऊ ते स्पष्ट सांगा."

ताई, स्पष्टच सांगतो. तिघांतलं घ्यायचंच असेल तर दुसरं, म्हणजे एक हेडवालं. (हेड म्हणजे सुया-धाग्यांचा एक संच, एका वेळी एक नग काढणारा.) पण आत्ता लगेच नाही, आणि त्या चिनी मशीनचा मेकॅनिक कुठे बसतो हे कळल्याशिवाय तर अजिबात नाही. आता का ते सांगतो, थोडं लांबेल पण साडेतीन लाखाचं कर्ज आहे, शांतपणे वाचा.

आधी लोगोचा हिशोब करू कारण तुमचं सगळं गणित त्या बाराशे लोगोंवर उभं आहे असं पत्रावरून वाटतंय. खिशावरचा शाळेचा लोगो साधारण पाच ते आठ हजार टाक्यांचा असतो, आपण सहा धरू. मशीनवर लिहिलेलं असतं मिनिटाला १००० टाके, १२०० टाके. तो झाला टॉप स्पीड, मोटरसायकलच्या काट्यावरचा शेवटचा आकडा असतो ना तसा. रोजच्या कामाला सातशे-साडेसातशेच्या आसपासच चालवायचं, नाहीतर धागा तुटत राहतो आणि बारीक अक्षरं बिघडतात. म्हणजे एका लोगोला साडेआठ मिनिटं नुसती चालायची, त्यात रंग बदलणं, धागा कटिंग, कापड ताणून धरणारी फ्रेम काढणं लावणं धरा, अकरा-बारा मिनिटं झाली. तासाला पाच, आठ तास सलग बसलात तर चाळीस. चाळीस गुणिले १४, दिवसाला ५६० रुपये. बाराशे लोगो म्हणजे पूर्ण तीस दिवस, त्याचे आले १६,८०० रुपये. धागा, बॉबिन, कापडाखाली लावायचा पेपर मिळून लोगोला दोन रुपये धरले तर हातात १४,४००.

आता हप्ता बघा. साडेतीन लाख, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ७,६०० च्या वर जातो. वर्षाचे ९१ हजार. लोगोंनी दिले चौदा हजार. उरलेले ७७ हजार कुठून येणार हा खरा प्रश्न आहे ताई, कोणतं मशीन हा नंतरचा. लोगोचं काम सीझनचं, एप्रिल ते जून, शाळा जूनच्या मध्याला उघडल्या की संपलं. हप्ता मात्र दिवाळीतही असतो आणि पितृपक्षातही.

आणि अजून एक. तो माणूस सध्या सोलापुरातून करून आणतोय. सोलापूर म्हणजे युनिफॉर्मचं मोठं केंद्र, तिथे कितीतरी रेडिमेडवाले शाळेचेच कपडे शिवतात आणि त्यांच्यासाठी एम्ब्रॉयडरीवाले पण मल्टीहेड, म्हणजे बऱ्याच हेडची मशीन घेऊन बसलेत. वीस हेडचं मशीन तुमच्या एका हेडच्या वेळात वीस लोगो काढतं. एकसारखा माल हजारांनी काढायचा असेल तर तिथे तुम्ही कधीच स्वस्त पडणार नाही, आज १४ आहे उद्या कोणी १० ला देईल, तेव्हा तुम्ही काय करणार? म्हणून माझं ठाम मत असं की एका हेडवाल्याने घाऊक कामावर धंदा उभा करूच नये. घाऊक काम आलं तर घ्यावं, मशीन रिकामं राहण्यापेक्षा बरं, पण त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये.

मग एका हेडने कमवायचं कशावर? मल्टीहेडवाला ज्या कामाला हात लावत नाही त्यावर. आणि गंमत म्हणजे ते काम तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते शेवटी दोन ओळीत उरकलंय. टॉवेलवरचं नाव, मंडळाचे पंचवीस टी-शर्ट, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ब्लाउज. वीस हेडवाला एकाच ब्लाउजसाठी मशीन लावेल का? नाही लावणार, त्याला परवडतच नाही. गिऱ्हाईक तुमच्या दारात, माप तुमच्याकडे, साडी तुमच्या हातात, काठाचा रंग बघून धागा तुम्ही निवडणार, ही तुमची खरी ताकद आहे आणि ती सोलापूरच्या किंवा सुरतच्या मोठ्या युनिटकडे नाहीये.

ब्लाउजचं बघा. पाठ आणि दोन बाह्या मिळून मध्यम डिझाइन चाळीस-पन्नास हजार टाक्यांचं होतं, भरगच्च असेल तर लाखाच्या पुढे. रेशमी कापड आणि त्यात जरीचा धागा म्हटलं की स्पीड पाचशे-सहाशेवर आणावा लागतो, जरी तुटते. पन्नास हजार भागिले सहाशे, ८३ मिनिटं, फ्रेम तीनदा लावायची, दोन तास धरा. दिवसाला चार आरामात. तुम्ही बाहेर एका ब्लाउजला किती देता आणि गिऱ्हाइकाकडून किती घेता ते लिहिलं नाहीये. समजा धागा-पेपर जाऊन ४०० सुटले. हप्ता ७,६००, त्यात लाईटबिल आणि दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे म्हणून धरून महिन्याचा खर्च दहा हजार. म्हणजे पंचवीस ब्लाउज फक्त खर्च भागवायला लागतात. तुमच्याकडे आत्ता महिन्याला एम्ब्रॉयडरीचे किती ब्लाउज येतात? लग्नसराईत नाही, सगळ्या महिन्यांचं मिळून. याचं उत्तर वहीत पाहिजे, अंदाजात नको. तीन महिने लिहून काढा, बाहेर करायला दिलेला प्रत्येक ब्लाउज, दिलेले पैसे, घेतलेले पैसे, आणि परत पाठवलेलं प्रत्येक गिऱ्हाईक सुद्धा, टॉवेलवाली, टी-शर्टवाला सगळे. पंधराच्या खाली आकडा आला तर थांबा आणि बाहेरूनच करून घेऊन गिऱ्हाईक वाढवा, वीस-पंचवीसच्या घरात असेल तर बिनधास्त घ्या कारण मशीन दारात आलं की विचारणारे आपोआप वाढतात.

आता तीन कोटेशनकडे येतो.

घरगुती एका सुईचं. ते वाईट नाही, घरच्या घरी हौसेला, लहान मुलांच्या कपड्याला उत्तम. पण प्रत्येक रंगाला मशीन थांबणार आणि तुम्ही उठून धागा बदलायचा. सहा रंगांचं डिझाइन असेल तर हातातली शिलाई सोडून पाच वेळा उठायचं. फ्रेम पण लहान, या किमतीतली साधारण ८ बाय ११ इंचांच्या आसपास असतात, ब्लाउजची पाठ एका फ्रेममध्ये बसत नाही, दोनदा लावून जोड मिळवायचा म्हणजे नवीन माणसाचा जीव जातो. आणि त्याचा खालचा भाग सपाट असतो, शिवून तयार असलेला टी-शर्ट किंवा बाही त्याच्यात नीट घालता येत नाही. कमर्शियल मशीनला खाली बारीक दांडा असतो, तयार कपडा त्याच्यात ओवल्यासारखा जातो, मागचा भाग खाली लोंबत राहतो आणि पुढच्याबरोबर शिवला जात नाही. मंडळाचे टी-शर्ट घ्यायचे असतील तर हे लागणारच. टोपीचं अटॅचमेंट वेगळं मिळतं, ते आत्ता घेऊ नका, ऑर्डर आली की बघू.

सुरतचं दोन हेड. इथे मला तुमच्या मिस्टरांशी जरा बोलायचंय. जपानी मशीन चांगलंच असतं, वादच नाही. ताजिमा ही जपानी कंपनी, त्यांनी १९६४ साली मल्टीहेड मशीन बाजारात आणलं आणि आजही आपण डिझाइनची जी डीएसटी फाइल वापरतो ती त्यांचीच. बारुदान ही दुसरी जपानी कंपनी, तिचं मशीन पण तसंच दणकट. पण तुम्ही जपान विकत घेत नाहीये, सुरतमध्ये दोन-दोन शिफ्टमध्ये पळालेलं मशीन घेताय. त्याचं कंट्रोल कार्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड, गेलं आणि ते मॉडेल जुनं असेल तर पार्ट शोधत फिरायचं. आणि दोन हेड म्हणजे डबल काम हे अर्धंच खरं आहे. दोन्ही हेड एकाच वेळी एकच डिझाइन काढतात. लोगोला डबल, बरोबर. पण एका टॉवेलवर "सुनीता" आणि दुसऱ्यावर "आजोबा" असं नाही करता येत, तेव्हा एक हेड बंद ठेवायचं. ब्लाउज एकच असेल तेव्हाही तेच, फार तर दोन बाह्या बरोबर निघतील. शिवाय एका हेडचा धागा तुटला की दुसरंही थांबतं. म्हणजे जे काम तुम्हाला पोसणार आहे त्या कामाला दुसरं हेड बसून राहणार आणि जागा दुप्पट खाणार.

तरीही कोणी जुनं मशीन घेणारच असेल तर, हे इतर वाचणाऱ्यांसाठी पण सांगतो, फोटो-व्हिडिओवर घेऊ नका. समोर उभं राहून अर्धा-पाऊण तास सलग चालवायला लावा. एक भरीव गोल काढायला सांगा आणि त्याच्याभोवती त्याच रेषेवर बारीक आउटलाइन. गोल अंडाकृती आला किंवा आउटलाइन एका बाजूला सरकली तर फ्रेम हलवणाऱ्या भागात झीज आहे. पॅनेलवर आजवर किती टाके झालेत ते बऱ्याच मशीनमध्ये दिसतं, ते बघा. हूक, म्हणजे खाली फिरून वरचा धागा पकडणारा भाग, बाहेर काढून टोकाला बोट फिरवा, खरखरीत असेल तर बदलायचा खर्च धरा. सगळ्या सुयांवर आळीपाळीने शिवून बघा, विकणारा नेहमी चांगल्या चार सुयांवरच दाखवतो.

राहिलं नवीन एक हेड. चिनी म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे जी चिनी मशीन येतात त्यातल्या बऱ्याच मशीनना दाहाओ कंपनीचं कंट्रोल असतं, त्यामुळे नावं वेगवेगळी असली तरी पॅनेल ओळखीचं असतं, गावोगावचे मेकॅनिक त्याच्यावर हात बसलेले असतात, कार्ड मिळतं. उलट एखाद्या मशीनला भलतंच कंट्रोल असेल तर तोच एक डीलर आणि तोच एक मेकॅनिक, तो सांगेल तो भाव. तेव्हा कोटेशनमध्ये कंट्रोल सिस्टिम कोणती ते लिहून घ्या.

बारा सुया की पंधरा, यात वेळ घालवू नका. तुमच्या कामात एका डिझाइनला सहा-सात रंगांच्या वर क्वचित जाईल. जास्त सुयांचा फायदा एवढाच की लाल, हिरवा, सोनेरी, पांढरा, काळा हे कायम लावून ठेवता येतात, सारखे धाग्याचे कोन काढाघाला करावे लागत नाहीत. बघायचं ते शिवणक्षेत्र, म्हणजे फ्रेम किती मोठी चालते. १४ बाय २० इंचाच्या आसपास असेल तर ब्लाउजची पाठ एकदम बसते आणि खिशाचं कापड न कापता अख्खा तुकडा लावून त्यावर आठ-दहा लोगो ओळीने काढून मग कापता येतात. लोगोच्या कामात वेळ फ्रेम लावण्यात जातो, तो असा वाचतो, चाळीसचे पन्नास होतात. टिकलीचं अटॅचमेंट, डोरीचं अटॅचमेंट हे डीलर गळ्यात मारायला बघेल. ब्लाउजला टिकली लागते हे खरं, पण पहिले सहा महिने नको, साधं शिवणं हातात बसू द्या. फक्त एवढं विचारून ठेवा की नंतर बसवता येईल का, वायरिंग आहे का.

आता मेकॅनिक. माझ्या मते सगळ्या निर्णयात निम्मं वजन याला आहे. एम्ब्रॉयडरी मशीन बिघडतं म्हणजे बहुतेक वेळा जळत-मोडत नाही, टायमिंग हलतं, म्हणजे सुई आणि हूकचा मेळ चुकतो. सुई जाड शिवणीवर आपटली, वाकली, हूकचं टायमिंग केसाएवढं सरकलं की टाके सुटायला लागतात. जाणता माणूस अर्ध्या तासात लावून देतो. पण तो माणूस मुंबईत बसला असेल आणि तुम्ही मे महिन्यात लोगो काढत असाल तर? चार दिवस मशीन बंद, शाळावाला दारात उभा. डीलरला विचारा तुमचा माणूस सोलापूर, लातूर, पुणे यापैकी कुठे राहतो, नाव आणि फोन. "सर्व्हिस ऑल इंडिया आहे" हे उत्तर नाही. मग विचारा की तुमच्याकडून मशीन घेऊन दोन वर्षं झालेले या भागातले तीन गिऱ्हाईक द्या. दोन वर्षं झालेले, दोन महिने नाही. त्यांना फोन करून एवढंच विचारा, शेवटचं मशीन बंद पडलं तेव्हा माणूस किती दिवसात आला आणि किती पैसे घेतले. आपली माणसं याबाबतीत भरभरून बोलतात, सगळं कळेल. जो डीलर नंबर द्यायला टाळाटाळ करतो त्याला सोडून द्या, मशीन कितीही चांगलं असू दे. वॉरंटीत कार्ड येतं का, माणसाचा येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, ट्रेनिंग किती दिवस आणि तुमच्या घरी की त्यांच्या शोरूममध्ये, हे बिलावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

डेमोला जाताना हात हलवत जाऊ नका. डीलर त्याचं जाड कापड, त्याचं रोजचं फुलांचं डिझाइन लावून दाखवणार, त्यावर कुठलंही मशीन सुंदरच शिवतं. तुमचं कापड न्या. खणाचा एक तुकडा, पातळ रेशमी ब्लाउजपीस, युनिफॉर्मचं टेरिकॉट, होजिअरीचा टी-शर्ट आणि एक सोलापुरी टॉवेल. पाचही शिवायला लावा. टी-शर्टला खाली न फाटणारा, कापून काढायचा पेपर लागतो, खिशाच्या कापडाला फाडून काढायचा चालतो. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवावी लागते नाहीतर अक्षरं टॉवेलच्या लवेत बुडतात. दाखवणाऱ्याला हे माहीत आहे का तेही कळेल. मग कापड उलटं करा. पट्टीसारख्या भरलेल्या टाक्याच्या मागे मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा बॉबिनचा धागा दिसला पाहिजे. नुसता वरचाच रंग दिसतोय किंवा सगळं पांढरं दिसतंय तर धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बरोबर नाही. आणि तुम्ही स्वतः धागा ओवा, सुई बदला, बॉबिन घाला. लाजू नका, चार लाखाची वस्तू आहे.

मराठी अक्षरांचं वेगळं सांगतो कारण हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जे तयार फॉन्ट येतात ते बहुतेक इंग्रजीचे. देवनागरी आपोआप कन्व्हर्ट करून टाकलं तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी शिवली जाते, जोडावर दोनदा टाके पडतात, गाठ येते, आणि अनुस्वार नुसता गोळा होतो. जोडाक्षरांचं तर विचारू नका. चांगला पंचिंग करणारा, म्हणजे टाक्यांची फाइल बनवणारा माणूस आधी अक्षरांची अंगं काढतो आणि शिरोरेषा शेवटी एका सलग पट्टीत ओढतो. इंग्रजी कॅपिटल पाच मिलिमीटरला नीट येतात, देवनागरीला वेलांट्या-मात्रांसकट मी दहाच्या खाली जात नाही, अगदीच जायचं असेल तर बारीक धागा आणि ६५ नंबरची सुई. शाळेच्या लोगोत खाली बारीक अक्षरात ब्रीदवाक्य असतं ना, तिथेच सगळ्यांची गाडी अडते. तो लोगो घेऊन जा आणि डेमोला तोच काढायला सांगा.

पंचिंग म्हणजे चित्राचं टाक्यांच्या फाइलमध्ये रूपांतर. हे काम मशीन करत नाही, माणूस करतो, आणि माल चांगला की वाईट हे मशीनपेक्षा यावर जास्त ठरतं. सुरुवातीला बाहेरून करून घ्या, लोगोमागे पैसे घेऊन करून देणारे भरपूर आहेत. पण फक्त डीएसटी घेऊ नका, मूळ सॉफ्टवेअरमधली फाइल पण मागा. डीएसटीत नुसते टाके असतात, रंगसुद्धा साठवलेले नसतात, ती दहा टक्क्यांच्या पुढे लहानमोठी केली की टाके विरळ तरी होतात नाहीतर दाट होऊन सुई मोडते. मूळ फाइल असेल तर माप बदलताना टाके नव्याने पडतात. विलकॉम हे पंचिंगचं विकतचं सॉफ्टवेअर, डीलर "विलकॉम फुकट टाकून देतो" म्हणेल. ती बहुतेक वेळा चोरीची कॉपी असते, ती धंद्याच्या कॉम्प्युटरवर नको. शिकायला इंकस्टिच नावाचं फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे, इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरच्या आत चालतं. वही भरायचे जे तीन महिने सांगितले त्यात रोज रात्री थोडं याच्यावर बसा, तुमची ती हाताखालची मुलगी कॉम्प्युटर जाणत असेल तर तिलाही बसवा. पंचिंग येणारी बाई बार्शीत एम्ब्रॉयडरीवाल्यांना घरबसल्या डिझाइन करून देऊ शकते, ते वेगळंच उत्पन्न आहे.

जागा. वरची खोली नको. वजन आहे, शंभर किलोच्या पुढे, जिन्यातून चढवताना हाल आहेतच आणि वरच्या मजल्यावर हादरा जास्त बसतो, पण खरं कारण वेगळं आहे. एका हेडच्या मशीनचा फायदा हाच की ते चालू असताना तुम्ही शेजारी बसून ब्लाउज शिवू शकता, धागा तुटला की ते थांबून आवाज देतं, उठायचं, ओवायचं, परत बसायचं. ते वर आणि तुम्ही खाली असाल तर एकतर दिवसभर जिना चढा नाहीतर वेगळा ऑपरेटर ठेवा, आणि ऑपरेटरचा पगार या हिशोबात बसत नाही. शिलाईच्या खोलीतच जागा करा, कपाट वगैरे वर न्या. मशीनच्या मागे फ्रेम सरकते, दीड-दोन फूट मोकळं ठेवा, दाराची रुंदी आधी मोजा. अर्थिंग नवीन करून घ्या, हे मी विनंती करून सांगतो, कार्ड जाण्याचं मोठं कारण अर्थिंग आणि व्होल्टेज असतं. सिंगल फेजवर चालतं, पण स्टॅबिलायझर आणि प्युअर साइन वेव्हचा यूपीएस पाहिजे, घरातला साधा इन्व्हर्टर चालत नाही. लाईट गेली तरी मशीनला कुठे थांबलं ते लक्षात असतं, आल्यावर आठ-दहा टाके मागे घेऊन सुरू करायचं, पण कापड मात्र तोवर फ्रेममधून हलवायचं नाही. मीटरचं काय करावं लागेल ते महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या.

कर्जाचं. आधी जिल्हा उद्योग केंद्रात जा, सोलापूरला. केंद्राचा पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हीची चौकशी करा. पीएमईजीपीत महिलांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के असं आहे, बार्शी नगरपालिकेत येतं त्यामुळे तुम्हाला कोणतं लागू होतं आणि योजना सध्या चालू स्थितीत आहे का ते तिथेच विचारा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मंजुरीच्या आधी मशीन घेतलं तर अनुदान विसरा, डीलर "आधी बुक करा मग बघू" म्हणेल, ऐकू नका. आणि अनुदान हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं ठेवून मग कर्जात वळतं होतं, त्यामुळे सुरुवातीला नियमित हप्ते भरायची तयारी पाहिजे. हे नाही जमलं तर मुद्रा योजनेतलं किशोर गटाचं कर्ज, ५ लाखांपर्यंत. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार मिळतात, पण त्याच्या आणि या बाकीच्या कर्जांच्या अटी एकमेकांना आडव्या येतात, तेव्हा एक ठरवून मगच अर्ज करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्याचे पैसे कोणाला देऊ नका. तुमचे ४० हजार आहेत ते सगळे मशीनमध्ये घालू नका. धाग्याचे पन्नास-साठ कोन, पेपर, सुया, जादा बॉबिन केस, फ्रेम, स्टॅबिलायझर, अर्थिंग, याला बघता बघता तीस-चाळीस हजार जातात आणि हे बँक धरत नाही. कोटेशन घेतानाच यूपीएस आणि स्टॅबिलायझर त्यात घालून घ्या म्हणजे कर्जात बसतं.

वेळेचं गणित असं करा. वही आणि पंचिंग आजपासून. मशीन आलं की पहिला दीड-दोन महिना हात बसायला जातो, धागा तुटेल, सुया मोडतील, कापड चुरगळेल, तेव्हा सीझन तोंडावर असताना मशीन आणू नका. शाळेचं काम एप्रिलपासून पाहिजे असेल तर मशीन जानेवारीच्या शेवटापर्यंत दारात पाहिजे, म्हणजे बँकेची फाइल दिवाळीच्या आसपास आत गेली पाहिजे. या वर्षी जमत नसेल तर या वर्षीचे लोगो सोडा, किंवा सोलापुरातूनच करून घेऊन एक-दोन रुपये ठेवून द्या, संबंध टिकतो.

आणि त्या युनिफॉर्मवाल्यांशी आत्ताच बोलून घ्या की खिशाचं कापड कोण देणार, शेकडा किती खिसे वाया गेलेले चालतील, पंचिंगचे पैसे कोणाचे, आणि पैसे माल दिल्यावर किती दिवसात. शाळेची बिलं सुटेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, हप्ता मात्र मे-जूनमध्येच द्यायचाय. निम्मी रक्कम आधी देत असतील तरच बाराशेचं काम घ्या, नाहीतर आधी दोनशे घ्या, पैसे आले की पुढचे.

वही भरली की आकडे लिहून पाठवा, ब्लाउज किती, सुटतात किती. मग कोणत्या डीलरचं घ्यायचं ते त्यांनी दिलेले फोन नंबर समोर ठेवून बघू.